अकरा महिन्यांच्या कराराचा खोटा आधार

मे महिना आला की सिडको, अंबड, सातपूर आणि पाथर्डी फाट्याच्या गल्ल्यांत सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. शाळा संपलेली असते आणि घराचा करारही. औद्योगिक वसाहतींत काम करणारी अनेक कुटुंबे या उपनगरांत वर्षानुवर्षे राहतात. कागदावर मात्र ती कायम अकरा महिन्यांची पाहुणी असतात.

‘भाडे कशाला भरता, हप्ता भरा,’ हा सल्ला त्यांना सगळेच देतात. पण ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो. कंत्राटी कामगाराच्या पगारात तो बसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतातील २७.५ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. त्याच वेळी शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी होती. म्हणजे प्रश्न केवळ घरांच्या संख्येचा नाही, भाडेव्यवहारातील विश्वासाचाही आहे.

अकरा महिनेच का?

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही स्टॅम्प पेपरवर सह्या आणि नोटरीचा शिक्का एवढ्यावर काम भागवले जाते.

तोटा कोणाचा?

दोघांचाही. नोंदणी नसेल, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. उलट करार नोंदणीकृत असेल आणि मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागता येते. ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्कही मागता येते. ‘भाडेकरू घर बळकावेल’ या भीतीवर खरे औषध नोंदणी हेच आहे.

भाडेकरूचा तोटा रोजच्या जगण्यातला आहे. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर मुलाला प्रवेश हवा, तर भाड्याने राहणाऱ्या पालकांकडे नोंदणीकृत करार मागितला जातो. नोटरीच्या कागदामुळे मुलाची शाळाच हुकू शकते.

खर्च किती?

महिना १२ हजार रुपये भाडे आणि ५० हजार अनामत असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क साडेतीनशे रुपयांच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. मध्यस्थाचा मेहनताना वेगळा. नोंदणी ऑनलाइन होते आणि करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मग दरवर्षी टेम्पो का बोलवायचा?

मालकही सामान्यच

उपनगरातला घरमालक म्हणजे कोणी सावकार नव्हे. सिडकोच्या छोट्या घरावर मजला चढवून वरच्या खोल्या भाड्याने देणारा निवृत्त कामगारही त्यांत आहे. भाडे हीच त्याची पेन्शन. त्याला दंडाची भीती घालून काही साधणार नाही. प्रभागनिहाय नोंदणी शिबिरे भरवली, तर तो आपणहून पुढे येईल.

सरकारनेही अनामतीचा प्रश्न सोडवायला हवा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. अशी मर्यादा राज्याच्या कायद्यात आली, तर घर बदलताना कर्ज काढावे लागणार नाही.

स्वतःचे घर हे स्वप्न असू द्यावे. पण ते पुरे होईपर्यंतची वर्षेही आयुष्याचीच असतात. दीड हजार रुपयांच्या आतबाहेर होणारी नोंदणी त्या वर्षांना पत्ता देते. नव्या शैक्षणिक वर्षाआधी मालक आणि भाडेकरूने एकदा एकत्र बसून एवढे काम उरकावे.