डॉक्टरची सावली होऊ द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



आपणा दोघांना एकच पत्र लिहिते आहे, कारण माझा प्रश्न आपल्या दोन खात्यांच्या मधल्या पायरीवर बसला आहे. तिथून त्याला एक खातं वर ढकलतं आणि दुसरं खाली.

मी सावलीची. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालं की वैनगंगेच्या अलीकडे आमचं तालुक्याचं गाव लागतं. आपल्या दौऱ्याच्या गाड्या इथूनच जातात. थांबत नाहीत, ही तक्रार नाही, माहिती आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं तेव्हा गांधीजी मात्र थांबले होते. घरी धानाच्या दोन बांध्या आहेत. मी गोंडवाना विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली आहे. पुन्हा देणार आहे.

मागणं एवढंच, की डॉक्टर होण्याआधी डॉक्टरचं काम कसं असतं ते मला जवळून बघायचं आहे. सुई हातात द्या म्हणत नाही. केसपेपरच्या खिडकीशी बसेन, म्हाताऱ्या माणसाला एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेईन, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या बाईचं म्हणणं समजणारा माणूस शोधून आणेन, ओपीडीत कोपऱ्यात उभी राहून ऐकेन. आठवड्यातून चार तास, वर्षभर. त्यानंतरही हे काम मला हवंसं वाटलं तर पुढे जाईन. नाही वाटलं तर कुणाची तरी एक जागा वाचेल. यात सरकारचं नुकसान नेमकं कुठे होतं?

आता एका रात्रीची गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं चांगली होती. गेल्या रोवण्याच्या दिवसांत माझा चुलत भाऊ दिवसभर बांधीतल्या पाण्यात उभा होता. चौदा वर्षांचं पोरगं, सिकलसेलचं लाल कार्ड खिशात. रात्री त्याचं दुखणं उठलं. मांड्या, कंबर, छाती. आम्ही त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं. सलाईन लागलं, पण त्या वॉर्डात तेव्हा स्टँड मोकळा नव्हता आणि खिडकीच्या गजाला नळी पुरत नव्हती. मग बाटली मी धरली. हात बदलत, पहाटेपर्यंत. सिस्टरने माझ्या हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "मिनिटाला थेंब किती पडतात ते मोजत राहा गं. वाढले की मला हाक मार." थोड्या वेळाने स्वतःच जवळ येऊन म्हणाली, "आणि अंग तापलं तर लगेच सांग. याची प्लीहा काम करत नाही, याचा साधा ताप साधा नसतो."

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे मला बारावीपासून पाठ आहे. नीटला तो हमखास प्रश्न. पण त्या एका व्हॅलिनपायी चौदा वर्षांचं पोर गादीची कड दातांत धरतं, हे मी त्या रात्री शिकले. तीन दिवस मी त्या वॉर्डात होते. कोणी हटकलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याच रुग्णालयात, निरीक्षणासाठी येऊ द्या म्हणून, मी रीतसर अर्ज केला. महाविद्यालयाचं पत्र जोडलं, प्राचार्यांची सही आणली. आवक-जावक खिडकीवरच्या बाबूंनी शिक्का मारून पोचपावती दिली आणि सल्लाही दिला, की असं काही आमच्याकडे नसतं, वरून परवानगी आणा. मी एसटीने वर गेले. तिथे कळलं, की शिक्षणाचं म्हणाल तर ते वैद्यकीय शिक्षण खातं. शिक्षणवाल्यांच्या एका कार्यालयात कळलं, की तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही आणि ते रुग्णालय आमच्या ताब्यात नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात विचारलं, की एमबीबीएसला प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याला सरकारी दवाखान्यात निरीक्षणासाठी येऊ देण्याचा काही नियम आहे का, किंवा येऊ न देण्याचा? उत्तर एका ओळीचं आलं: माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.

म्हणजे मनाई नाही आणि परवानगीही नाही. नातेवाईक म्हणून मी पहाटेपर्यंत बाटली धरू शकते, विद्यार्थिनी म्हणून दारात उभी राहू शकत नाही. हा हिशेब आपणांपैकी कोणी मला समजावून द्याल का?

आपण म्हणाल, प्रवेशासाठी याची गरजच काय? खरं आहे, गरज नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि ७२० गुण, एवढ्यात डॉक्टर ठरतो. २०२५ ची नीट ४ मे रोजी होती. आमच्याकडे ते तेंदूपत्त्याचे दिवस. माय पहाटे जंगलात, वाघाच्या भीतीने चार बाया मिळून. दुपारी घरी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलनाच्या फळीवर नेऊन मोजून द्यायचे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी पुडे बांधत होते आणि मनात कप्पीवरून गेलेल्या दोरीचा ताण काढत होते. याची सवलत मागत नाही. पण सात तास उन्हात पानं तोडून आलेल्या बाईची कंबर का दुखते, हे ज्याला दिसतं त्याचा एक गुण तरी कुठे मोजता का आपण? आधीच्या वर्षी, २०२४ ला, याच परीक्षेत वाढीव गुण मिळालेल्या १,५६३ जणांसाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली, पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फुटलेला पेपर विकत घेता येतो. वॉर्डातली वर्षभराची हजेरी विकत घेणं जरा अवघड जातं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला हे कळत नाही असं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी मुलांना रुग्णांपाशी नेतात. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा विषय शिकवतात. पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावीत असंही ठरलं. उत्तमच. पण हे सगळं जागा मिळाल्यावर. तोवर आईबापांनी लाखो ओतलेले असतात, आणि रक्त बघून ज्याला घेरी येते त्याला 'नको' म्हणायची सोय उरलेली नसते.

अमेरिकेत मुलं आधी चार वर्षांची पदवी घेतात, मग वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज करतात. तिथली महाविद्यालयं विचारतात, तू रुग्णांमध्ये किती वेळ काढलास? कुठल्या डॉक्टरच्या मागे राहिलास? या मागे राहण्याला ते 'शॅडोइंग' म्हणतात, म्हणजे डॉक्टरची सावली होणं. वाचलं तेव्हा हसू आलं. गावाचं नाव सावली, आणि इथल्या पोरीला सावली व्हायची परवानगी नाही! तिथलं सगळं गोड आहे असं नाही. ज्याचा काका डॉक्टर त्याला सावली लवकर मिळते, हा गोंधळ तिकडेही आहेच. आपल्याकडेही शहरातल्या डॉक्टरांची मुलं सुट्टीत वडिलांच्या दवाखान्यात बसतात, आणि त्यात गैर काही नाही. माझ्या बापाकडे दवाखाना नाही, म्हणून नियम हवा. ओळख असलेल्यांना नियम लागत नाही.

आणि ही आमच्या मुलखाला अवघड वाटणारी गोष्ट नाही. वैनगंगेपलीकडे शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नव्वदच्या दशकात गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. त्यांनी झोपडीत जाऊन नवजात बाळं तपासली, जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शनंसुद्धा दिली. ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे आशाताईंचं घरोघरचं नवजात बालक सेवेचं काम देशभर त्याच वाटेने गेलं. आरोग्यदूत बाईला इंजेक्शन देता येतं, मग प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलीला कोपऱ्यात उभं राहता का येऊ नये? तिकडे भामरागडच्या जंगलात हेमलकशाचा दवाखाना १९७३ पासून चालू आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना बाहेर काढून तो चाललेला नाही.

सेवाग्रामचंही आपणांस आठवत असेल. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. खेड्यात का जायचं, याचा थोडा तरी विचार करून मुलं आत येत. नीट आली आणि तो पेपर गेला. पाठ करून तोही सोडवता येत असेल, मान्य. पण निदान कोणीतरी काहीतरी विचारत होतं.

आता आपल्या शब्दांबद्दल. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं होतं, की सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १० टक्के जागा दुर्गम भागात सात वर्षं नोकरी करायला तयार असलेल्यांसाठी ठेवायच्या. आमच्या गल्लीत ती बातमी मोठ्याने वाचली गेली होती, मी तेव्हा शाळेत होते. त्या निर्णयाचं काय झालं ते आपणांस माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. त्या वाटेने सावलीत, सिंदेवाहीत, कोरचीत, एटापल्लीत किती डॉक्टर आले, तो आकडा एकदा जाहीर करता का? दुसरीकडे सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर सेवा द्यायची, नाही तर दहा लाख भरायचे, हे बंधपत्र आहेच. ज्याला यायचं नाही त्याला दहा लाखांचा धाक घालून आणता, आणि जी इथेच जन्मली, इथेच राहायचं म्हणते, तिला 'वरून परवानगी आणा'.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी पडद्यावरून उद्घाटन झालं. त्यात गडचिरोली होतं. चंद्रपूरचं महाविद्यालय २०१५ पासून आहे. म्हणजे सावलीच्या दोन्ही बाजूंना आता एकेक महाविद्यालय आहे. आम्हाला आनंदच झाला. माझ्या आजीला वाटलं, आता आपली पोट्टी तिथे नुसती जाऊन बसली तरी शिकेल. मी तिला समजावलं, तसं नसतं आजी. तिने विचारलं, "मंग कसं असते?" आपण उत्तर दिलंत तर तिला वाचून दाखवेन.

करण्यासारखं फार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आम्हाला पदवीत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसेवेचे तास आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावाच लागतो. एनएसएसमध्ये वर्षाचे १२० तास भरावे लागतात. ते तास आम्ही रस्त्याकडेचं गवत उपटण्यात आणि घोषवाक्यं रंगवण्यात घालवतो. तेच प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मोजले जातील असं एक परिपत्रक आपणा दोघांच्या सहीने काढा. दोघांच्या म्हणते, कारण एकाच सहीचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर कसा पडून राहतो ते मी पाहिलं आहे. हिपॅटायटिस बी ची लस घेतल्याशिवाय आत येऊ नका म्हणा, घेऊ. रुग्णाचं नाव-गाव बाहेर बोललात तर कायमचं बंद म्हणा, लिहून देऊ. रुग्णाने, विशेषतः बाईमाणसाने, नको म्हटलं तर त्या क्षणी बाहेर जाऊ. त्यांच्या अब्रूची काळजी आपल्याइतकीच मलाही आहे. त्या माझ्याच गावच्या आहेत.

सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्राने २०२३ च्या १ जुलैला मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट ठरलं. सात कोटी लोकांना रांगेत उभं करायला, समजवायला, कार्डं लिहायला माणसं लागतात. कॉलेजची पोरं फुकट यायला तयार आहेत. त्यांना कोणत्या खिडकीवर पाठवू?

माझ्या भावाला पुढच्या आठवड्यात पुन्हा दवाखान्यात न्यायचं आहे. डॉक्टरांनी रक्त चढवावं लागेल असं सांगितलं आहे. मी सोबत जाणार. तिथल्या रजिस्टरमध्ये 'रुग्णाशी नातं' असा रकाना असतो. त्यात मी 'बहीण' लिहीन आणि आत जाईन. थेंब मोजेन, अंगाला हात लावून ताप बघेन, सिस्टरला हाक मारेन. दुसरं काही लिहिण्यासाठी त्या रजिस्टरमध्ये जागा नाही.

आपली,
सावलीची एक विद्यार्थिनी