आमचं ते मत, त्यांचं ते ज्ञान

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात चार खण पाडलेत. आहे ते सत्य, कुणाला कळो न कळो. पुराव्यानिशी कळलं ते ज्ञान. नुसतं वाटतं ते मत. पुरावा न मागता धरून बसायचं ती श्रद्धा. खण झकास आहेत. माझं भांडण खणांशी नाही. कुणाचा माल कुठल्या खणात, हे ठरवणाऱ्याशी आहे.

महाडचं घ्या. १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पाणी प्याले, मागून आमची माणसं उतरली. लगेच आवई, आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसं कुणाच्या मनातही नव्हतं. तरी डोकी आमचीच फुटली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही १०८ घागरींत घालून तळं 'शुद्ध' केलं. शेणमुतानं पाणी शुद्ध, आमच्या ओंजळीनं बाटलेलं! ही श्रद्धा. घरात ठेवली असती तर आपलं काय जात होतं?

पण डिसेंबर १९२७ ला हीच श्रद्धा ज्ञानाचा अंगरखा घालून कोर्टात गेली. तळं खाजगी आहे म्हणे, आणि अनादि काळापासून अस्पृश्यांना मनाई आहे. पुरावा तपासायच्या आधीच तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. जमलेल्या हजारोंनी पाण्याला हात न लावता परत फिरायचं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्ट म्हणालं, अशी अनादि रूढी शाबीत झालेली नाही. ज्यांचं काही शाबीत नव्हतं त्यांना आधी हुकूम, आणि आम्हाला दहा वर्षं तारखा.

बिबवेवाडीतून पर्वती दिसते. १९२९ ला तिथल्या देवळात जाऊ पाहणाऱ्यांवर दगड पडले. दगड मारणाऱ्यांनाही वाटत होतंच की, आपल्याला 'माहीत' आहे.

प्लेटो एक बरं सांगून गेलाय. साक्षी ऐकून पंचांनी बरोबर निकाल दिला तरी ते खरं मत, ज्ञान नव्हे. ज्यानं डोळ्यानं पाहिलं त्यालाच ते कळलेलं. मग पाणवठ्यावरून हाकललेल्या माझ्या पणजीपाशी काय होतं? तिच्यापाशी ज्ञान होतं. पण तिची गोष्ट लिहिली की विद्वान पाठ थोपटतात, 'अनुभव छान आहे, आता विचार यायला हवा.' अरे, विचार तुमच्याकडे गहाण ठेवलाय का? दिङ्नाग-धर्मकीर्ती या बौद्ध पंडितांनी प्रत्यक्ष आणि अनुमान एवढी दोनच प्रमाणं मानली. वेदात आहे म्हणून खरं, हे त्यांनी चालू दिलं नाही. आणि याच पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीरावांनी समाज काढला, नाव ठेवलं सत्यशोधक. सत्य शोधायचं असतं. ते वारसाहक्कानं सातबाऱ्यावर चढत नाही.

पणजीचं राहू द्या, माझंच घ्या. मी कापसाच्या गिरणीत कार्डिंग खात्यात आहे. सुट्टी झाली की पहिल्याच पाळीला छाती आवळते, खोकला सुटतो. माझ्या एकट्याची नाही, खात्यातल्या सगळ्यांची. कापसाच्या धुळीनं असं होतं, हा रोग डॉक्टरी पुस्तकात नावानिशी आहे, बिसिनोसिस. गिरणीचा डॉक्टर म्हणतो, 'धुळीनं होतं हे तुझं मत झालं. तू विडी ओढतोस.'

मी विडी ओढत नाही.

धूळ मोजायचं यंत्र असतं. खात्यात आणून लावा, असा अर्ज आम्ही चौदा जणांनी सह्या-अंगठे करून दिलाय. साहेब म्हणतात, गरज वाटत नाही.