बाधा नव्हे, मेंदूचा आजार



बारावीपर्यंत हुशार म्हणून वस्तीत नाव असलेला मुलगा हळूहळू अबोल होतो. अभ्यास सुटतो, आंघोळीचे भान राहत नाही, रात्र-रात्र जागतो. एके दिवशी सांगू लागतो, 'शेजारचे माझ्या जेवणात विष कालवतात, मला आवाज ऐकू येतात.' घरात तथागतांचा व बाबासाहेबांचा फोटो, पौर्णिमेला विहारात वंदना. तरीही कोणीतरी कानात सांगते, 'करणी आहे, भगताला दाखवा.' आणि अंधार पडल्यावर लिंबू-नारळ घेऊन घरचे गुपचूप निघतात!

हा आजार आहे स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता. साधारणपणे शंभरात एकाला तो होतो व बहुधा 15 ते 30 या वयात सुरू होतो. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय, असंबद्ध बोलणे, एकटे बसणे, कशातच मन न लागणे ही त्याची लक्षणे. असा मुलगा आळशी नसतो, ढोंगीही नसतो. त्याला तो आवाज खरोखरच ऐकू येतो.

कारण मेंदूत आहे. डोपामिन या रसायनाचे कार्य बिघडते. आनुवंशिकतेचा वाटा असतो. पण आई किंवा वडिलांना हा आजार असला तरी शंभरातील सुमारे नव्वद मुलांना तो होत नाही. गांजाचे व्यसन व मोठा ताण यांनी धोका वाढतो. आईच्या वळणाचा यात दोष नाही.

भगताकडे पैसा जातो, त्याहून मोलाचा वेळ जातो. उपचाराला जितका उशीर, तितके बरे होणे कठीण. तामिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

उपचार आहेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. गोळी रोज घेणे जमत नसेल तर दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शनही मिळते. झोप येणे, हात थरथरणे, वजन वाढणे असा त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगा. बरे वाटले म्हणून मनाने औषध बंद करू नका, आजार उलटतो. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणखी एक. 'लग्न करून द्या, ठिकाणावर येईल' हा सल्ला ऐकू नका. लग्न हे औषध नव्हे. आजार लपवून लग्न लावणे हा दुसऱ्याच्या लेकीवर अन्याय आहे.

दैवी शक्तीवर विश्वास म्हणजे धम्म नव्हे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते. आजाराचे कारण शोधून उपचार करणे ही प्रज्ञा. आणि त्या मुलाला 'वेडा' न म्हणता विहारात आपल्या शेजारी बसवणे ही करुणा. आपल्या वस्तीत असे एखादे घर असेल, तर आजच त्यांच्या दारी जा व म्हणा, 'चला, डॉक्टरकडे मी सोबत येतो.'

जयभीम!