'वैशिष्ट्ये सांगा'

मार्च-एप्रिल उजाडला की मराठीच्या प्राध्यापकमंडळींच्या बोलण्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. विद्यार्थी पुस्तके वाचत नाहीत, गाईड वाचतात; झेरॉक्सच्या दुकानातून कोणाच्या तरी नोट्स उचलतात आणि 'बनगरवाडी' हातातही न घेता 'बनगरवाडी'वर पंधरा गुणांचे उत्तर लिहून मोकळे होतात. ही तक्रार खोटी नाही. मात्र या पिढीला वाङ्मयाची भूकच उरलेली नाही, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष अतिशय सोयीस्कर आहे. ही सोय कोणाची, एवढेच येथे पाहायचे आहे.

अखेरच्या वर्षाच्या परीक्षेपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत साहित्याचा विद्यार्थी नेमके काय करतो? तो प्रथम मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवतो आणि त्या एकमेकींशेजारी मांडून वाचतो. कोणता प्रश्न एक वर्षाआड येतो, कोणता दोन वर्षे आलेला नाही म्हणून यंदा येणार, कोणती टीप केवळ 'अथवा'च्या खाली पडते, याचा तो काटेकोर हिशोब मांडतो. गेल्या वर्षी व्यक्तिचित्रण विचारले गेले असेल तर यंदा वातावरणनिर्मिती, हे त्याला वहीत लिहून ठेवावे लागत नाही. तुलना, आकृतिबंधाचा शोध, आवर्तनांची नोंद ही समीक्षकाची म्हणून जी कामे आपण वर्गात सांगतो, ती सारी तो करतो; फक्त कादंबरीवर न करता प्रश्नपत्रिकेवर करतो. कारण त्याच्यापुढे ठेवलेली खरी संहिता तीच आहे. एरवी आळशी ठरवला गेलेला हा मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत अभ्यासिकेत बसून ती संहिता मन लावून वाचत असतो.

आता त्या संहितेत काय असते ते पाहा. 'अमुक कादंबरीची वैशिष्ट्ये सांगा.' 'तमुक आत्मकथनाचे वेगळेपण स्पष्ट करा.' 'ग्रामीण जीवनाच्या चित्रणाची चर्चा करा.' टिपा लिहा, कोणत्याही दोन. 'वैशिष्ट्ये सांगा' या दोन शब्दांनी मराठी वाङ्मयाचे जेवढे नुकसान केले, तेवढे सेन्सॉरनेही केले नसेल. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रामीण कादंबरीला चालते: निसर्गचित्रण, जिवंत व्यक्तिरेखा, बोलीचा समर्थ वापर, वातावरणनिर्मिती, समारोप. लेखकाचे नाव बदला, गावाचे नाव बदला, गुण तेवढेच. जो प्रश्न पुस्तकावाचून सुटतो तो सोडवण्यासाठी विद्यार्थ्याने पुस्तक वाचावे, असा आग्रह धरणे हा नीतिबोध झाला, अध्यापन नव्हे.

गाईड लिहिणारा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत प्रामाणिक माणूस आहे, असे मला वाटते. (तो पुष्कळदा प्राध्यापकच असतो, ही निराळी गंमत.) त्याने अभ्यासक्रमाची उद्दिष्टे मनावर घेतलेली नसतात, त्याने परीक्षा वाचलेली असते. परीक्षा जे मागते ते तो पुरवतो. मागणी बदलली तर त्याचा माल एका हंगामात रद्दीत जाईल. ती बदलत नाही, म्हणून त्याच्या आवृत्त्या निघतात.

'कोसला'चे उदाहरण घ्या. १९६३ साली आलेल्या या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि परीक्षेतील अपयश व बापाचे वाया गेलेले पैसे घेऊन गावी परततो. परीक्षा, वसतिगृह, गॅदरिंग, मेस या सगळ्याचा पोकळपणा मराठीत इतक्या निष्ठुरपणे क्वचितच कोणी दाखवला असेल. त्या कादंबरीवर आपण काय विचारतो? 'कोसलातील अस्तित्ववादी जाणिवा स्पष्ट करा.' खानदेशातून पुण्यात आलेला, खोलीभाडे थकलेला एखादा विद्यार्थी हे उत्तर पाठ करत असतो, तेव्हा आपल्याविषयीच लिहिलेले पुस्तक आपल्या टेबलावर आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगण्याची गरजही नसते. त्याला गुण नाहीत.

हे आजचे दुखणे आहे असे मात्र कोणी समजू नये. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे शिकवण्यासाठी नव्हे, तर परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकवणे महाविद्यालयांकडे, मोजणे विद्यापीठाकडे. आपल्याकडे तराजू आधी आला, धान्य मागाहून. १९०२ सालच्या विद्यापीठ आयोगाने नेमके हेच दुखणे नोंदवले, की येथे अध्यापन परीक्षेच्या दावणीला बांधलेले आहे. १९४८-४९ साली राधाकृष्णन आयोगानेही, एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षापद्धतीची, असे बजावले. दोन्ही अहवालांचा अनुभव असा, की ते स्वतःच पुढे शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत टीप लिहिण्याचे विषय झाले.

या परीक्षेचे खरे रूप एकदा उघडे पडले ते २०२० साली. करोनाच्या काळात अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही यावर महाराष्ट्र शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात वाद झाला. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट रोजी दिला आणि शरद ऋतूत मोबाईलच्या पडद्यावर परीक्षा झाल्या. मुंबई विद्यापीठासह अनेक ठिकाणी त्या बहुपर्यायी होत्या. कवितेच्या अभ्यासाचे मूल्यमापन चार पर्यायांत झाले. संकटकाळ होता, दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. परंतु यात वाङ्मयाभ्यासाचे काही गमावले जात आहे, अशी हाकाटी मराठी विभागांतून उठलेली मला तरी ऐकू आली नाही. उठणार कशी? पंधरा गुणांचे उत्तर चार पर्यायांत बसले आणि बाहेर काहीच सांडले नाही.

येथे दुसरी मंडळी उठतील आणि म्हणतील, मग परीक्षाच नको. सातत्यपूर्ण मूल्यमापन करा, प्रकल्प द्या, गुण शिक्षकाच्या हाती सोपवा. यांच्याशी माझे अधिक भांडण आहे. आडगावच्या महाविद्यालयातून आलेल्या, नावामागे कोणी नसलेल्या मुलीला या व्यवस्थेत न्यायाची शक्यता जेथे आहे ती जागा एकच: नाव झाकलेली उत्तरपत्रिका. तपासणाऱ्याला तिची जात, तिचे आडनाव, तिचे उच्चार ठाऊक नसतात. अंतर्गत गुणांत ते सारे ठाऊक असते. हे गुण कसे दिले जातात, कोणाला उदारपणे आणि कोणाला रोखून, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी तरी परीक्षा मोडण्याची भाषा करू नये. परीक्षा हवी. तेथे विचारले जाते ते नको.

काय विचारावे? 'बनगरवाडी'च समोर ठेवा, पुस्तक उघडे ठेवून. मास्तरांच्या खटपटीने तालीम उभी राहते, राजा येऊन जातो आणि त्यानंतर दुष्काळ गाव उठवून लावतो. हा क्रम उलटा असता तर कादंबरीचे काय झाले असते? किंवा न नेमलेली एक कविता, कवीचे नाव न देता छापा आणि तिच्यातला कोणता शब्द काढला तर ती कोसळेल ते विचारा. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांपुढे निनावी कविता ठेवल्या, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९२९ साली आले. त्यालाही आता शतक होत आले. पुढल्या वर्षी हे प्रश्न गाईडात येतील, अशी शंका निघेल. येऊ देत. त्या वर्षी दुसरे प्रश्न काढा. प्रश्न काढण्यासाठी पुस्तक पुन्हा वाचावे लागते, ही अडचण विद्यार्थ्याची नाही.

राहता राहिली ती नेहमीची ढाल: असली उत्तरे तपासणार कोण? एका परीक्षकापुढे शेकडो गठ्ठे, निकालाची मुदत डोक्यावर, मोबदला नाममात्र. हे सारे खरे आहे, आणि 'वैशिष्ट्ये सांगा' हा प्रश्न कोणाच्या सोयीसाठी जन्मला याची कबुलीही तेच आहे. कारण त्याचे उत्तर मुद्दे मोजून मिनिटाभरात तपासता येते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशा तयारीवाचून सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, कित्येकांचे पुढचे प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या वेळी अवघी चर्चा तंत्रावर झाली: स्कॅनिंग, सर्व्हर, कंत्राट. पडद्यावर उमटलेल्या त्या लाखो पानांत लिहिलेले काय होते, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेतच नव्हता.

तेव्हा प्राध्यापक महाशय, यंदा प्रश्नपत्रिका काढायला बसाल तेव्हा आधी बाजारातले गाईड विकत आणा. त्यात सापडेल तो प्रत्येक प्रश्न खोडा. मग उरलेल्या कोऱ्या कागदावर काय लिहिता ते आम्हांला दाखवा; गाईड वाचणाऱ्या मुलांविषयी आपण त्यानंतर बोलू.