इंटरनेटचा कारभार आणि आपली गैरहजेरी

दरवर्षी डिसेंबर उजाडला की नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि त्याच्या पाठोपाठ मोर्चे येतात. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात भरवावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. राज्यकारभार विदर्भातील सामान्य माणसाच्या जवळ यावा, हा त्यामागील हेतू. तो कितपत सफल झाला हा निराळा वाद आहे. परंतु मॉरिस कॉलेजच्या चौकात पोलिसांच्या कठड्यांपुढे ठाण मांडून बसलेले विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, निवृत्तिवेतनासाठी आलेले कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका पाहिल्या म्हणजे एक गोष्ट मान्य करावी लागते. आपल्या आयुष्यावर परिणाम करणारा नियम कोण करतो आणि त्याच्या कानापर्यंत आपले म्हणणे कसे पोहोचवावे, याची या मंडळींना पक्की जाण आहे.

हीच मंडळी वर्षभर आणखी एका कारभाराच्या अमलाखाली वावरतात. शिक्षकाचे वेतन 'शालार्थ' प्रणालीतून निघते, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती 'महाडीबीटी'वरून येते, शाळेतील प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर चढते आणि कारकुनाच्या टेबलावरील फायलींची जागा पडद्याने घेतली आहे. या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या इंटरनेटचे नियम कोण ठरवितो, असे विचारले, तर मोर्चातील नेताही गप्प होईल. त्यात त्याचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा अधिक असला, तरी हे मौन आपल्याला महाग पडत आहे.

इंटरनेटचा कारभार एका सरकारच्या हाती नाही. संकेतस्थळांच्या नावांची व्यवस्था पाहणारी 'आयकॅन' ही १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. देशातील दूरसंचाराचे नियमन 'ट्राय' करते, तर माहितीविषयक कायद्यांचे नियम दिल्लीतील इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय तयार करते. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने ट्युनिस येथे २००५ मध्ये झालेल्या शिखर परिषदेने असे मान्य केले की, हा कारभार सरकारे, उद्योग आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेतून मिळून चालवावा. त्यातून निघालेल्या जागतिक मंचाची बैठक २००८ मध्ये हैदराबादेत झाली. म्हणजे तिसरी खुर्ची मांडून ठेवलेली आहे. तिच्यावर बसतो कोण, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर मराठी वर्णमालेपासूनच प्रारंभ करू. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या दोन शब्दांतील भेद व्याकरणाच्या प्रत्येक शिक्षकाने वर्गात फळ्यावर लिहून दाखविला आहे. पहिला गुरूला उद्देशून, दुसरा स्वयंपाक्याला. भेद आहे तो केवळ 'र' लिहिण्याच्या रीतीत. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' ही नामव्यवस्था मराठीसह आठ भाषांसाठी सुरू झाली. पुढे संकेतस्थळाच्या नावातील अगदी शेवटच्या भागात देवनागरीची कोणती अक्षरे चालतील आणि कोणती जोडणी बाद ठरेल, हे ठरविण्याचे काम ब्राह्मीपासून उद्भवलेल्या लिप्यांसाठी नेमलेल्या एका अभ्यासगटाकडे आले. संगणकावर मराठीचा हा विशिष्ट 'र' उमटविण्यासाठी पुष्कळदा जे अदृश्य जोडचिन्ह वापरले जाते, त्याला या नावांत सुरक्षेच्या कारणाने मज्जाव आहे. म्हणून निराळी वाट काढावी लागली. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही. मराठीला पडते, हे त्या टेबलाशी बसून कोणीतरी सांगावे लागते.

अभ्यासगटातील तज्ज्ञांनी आपले काम निष्ठेने केले. मसुदा २०१८ मध्ये लोकांच्या अभिप्रायासाठी खुला झाला आणि २०१९ मध्ये त्याला अंतिम रूप आले. परंतु त्या काळात आमच्या किती भाषाशिक्षकांना, किती साहित्यसंस्थांना याची वार्ता होती? 'ळ' नीट उच्चारला जात नाही म्हणून आपण हळहळतो, मराठी शाळा बंद पडतात म्हणून परिसंवाद भरवितो. मात्र जेथे आपल्या अक्षरांचे भवितव्य लिहिले जात होते, तेथे मराठीची बाजू मूठभर तज्ज्ञांवर सोपवून आपण निश्चिंत राहिलो. या खेपेस ती राखली गेली, हे आपले सुदैव.

'आमच्या एका पत्राने काय होणार?' हा आक्षेप नेहमीचाच. त्याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. मार्च २०१५ मध्ये 'ट्राय'ने इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी ११८ पानांचा आणि २० प्रश्नांचा मसुदा चर्चेसाठी मांडला. पैसे देणाऱ्या कंपनीची सेवा ग्राहकाला स्वस्त आणि इतरांची महाग, असे चालू द्यावे काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. काही तरुणांनी ती इंग्रजी पाने सोप्या भाषेत समजावून सांगितली आणि दहा लाखांहून अधिक पत्रे 'ट्राय'कडे गेली. वर्षाच्या अखेरीस दुसरी चर्चा झाली. तीत फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेच्या बाजूने तयार मजकुराची लाखो पत्रे आली. पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच त्यांत नाहीत, असे 'ट्राय'ने स्पष्ट सांगितले. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांना बंदी करणारा नियम झाला. यातून दोन बोध निघतात. लोकांचे म्हणणे नियम बदलू शकते, हा पहिला. दुसरा अधिक मोलाचा : केवळ संख्या पुरत नाही, प्रश्न वाचून युक्तिवादाने दिलेले उत्तर कामी येते. आणि उत्तरपत्रिका तपासण्यात हयात घालविलेल्या शिक्षकवर्गापेक्षा हे काम अधिक चांगले कोण करील?

अर्थात सरकारनेही दार उघडे ठेवले पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये अभिप्रायासाठी प्रसिद्ध झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची संमती, मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास मनाई आणि शैक्षणिक संस्थांना त्यातून मर्यादित सूट, असे शाळेशी थेट संबंध असलेले विषय त्यात होते. मुलांची नावे, जात, पत्ते आणि आधार क्रमांक भरणारा हात शिक्षकाचा आणि कारकुनाचा असतो. चूक झाली तर पालक त्यांनाच जाब विचारणार. तरीही हा मसुदा मराठी शाळेच्या शिक्षकखोलीत मराठीतून पोहोचला नाही. शिवाय आलेले अभिप्राय कोणालाही दाखविले जाणार नाहीत, असे मंत्रालयाने आरंभीच जाहीर केले. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कोणी काय मागितले आणि कोणाचे ऐकले गेले, हे आज कोणालाच ताडून पाहता येत नाही.

गुप्ततेमुळे लोक मोकळेपणाने लिहितात, हे समर्थन टिकणारे नाही. कायदे करण्यापूर्वी मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा, हे केंद्र सरकारचेच २०१४ मधील धोरण आहे. २०१५ मध्ये 'ट्राय'ने पत्रे प्रसिद्ध करताना लिहिणाऱ्यांचे ई-मेल पत्तेही उघड केले, ही चूक होती. पण पत्ता झाकणे वेगळे आणि मत झाकणे वेगळे. मोठ्या कंपनीला मंत्रालयात भेटीची वेळ मिळते. ज्याला ती मिळत नाही, त्या नागरिकाचा लेखी अभिप्राय तरी उजेडात राहिला पाहिजे.

नागरी समाजाच्या नावाने मिरविणारे तरी कोणाचे प्रतिनिधी, असाही एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. दिल्ली-बंगळुरूच्या इंग्रजीत व्यवहार करणाऱ्या चार संस्था म्हणजे देश नव्हे. पण त्यावरचा उपाय त्यांना गप्प करणे हा नसून, त्यांच्या शेजारी इतरांनी जाऊन बसणे हा आहे. विदर्भ साहित्य संघ आणि नागपूर विद्यापीठ या दोन्ही संस्था १९२३ च्या. शतकाचा वारसा असलेल्या या संस्थांनी, शिक्षक संघटनांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी पाच-सहा जणांचे एकेक वाचनमंडळ नेमावे. 'आयकॅन', 'ट्राय' व मंत्रालय यांचे मसुदे पाहावेत, मराठीत त्यांचा गोषवारा काढावा आणि मुदतीत उत्तर धाडावे. याला निधी फारसा लागत नाही, चिकाटी मात्र लागते. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागानेही महाराष्ट्रातील जनतेवर परिणाम करणारे असे मसुदे मराठीतून मिळावेत, असा आग्रह दिल्लीकडे धरावा.

विद्यार्थ्यांना एकच आठवण द्यावीशी वाटते. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावणारी श्रेया सिंघल ही एक विद्यार्थिनीच होती. २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झाले.

डिसेंबरात मोर्चे येतील आणि यायलाच हवेत. पण इंटरनेटच्या नियमांना हिवाळी अधिवेशन नसते. ते वर्षभर, गाजावाजा न होता, तीस-चाळीस दिवसांच्या मुदतीत घडत असतात. ती मुदत टळली की चौकात कितीही घोषणा दिल्या, तरी नियम झालेला असतो.