लाठीचे शौर्य आणि शासनाचे ऋण

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी चालून आलेल्या दहा अतिरेक्यांपैकी नऊ ठार झाले. एकच जिवंत हाती लागला. याचे पहिले श्रेय सहायक पोलिस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे आहे. सातारा जिल्ह्यातील केडंबे हे त्यांचे गाव. लष्करातील सेवा संपवून ते पोलिस दलात आले होते. त्या रात्री गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत त्यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरली, गोळ्या देहावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. सहकाऱ्यांना त्याला जेरबंद करण्यास अवधी मिळाला, तो या प्राणांच्या मोलाने.

२६ जानेवारी २००९ रोजी राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले, हे यथोचितच झाले. परंतु या कृतीचे फळ केवळ एका शत्रूच्या बंदोबस्तात नाही. जिवंत आरोपीमुळे कटाची सूत्रे सीमेपलीकडे कशी पोहोचतात हे न्यायासनापुढे मांडता आले. आरोपीला वकील मिळाला, पुरावा तपासला गेला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. सूडाला कायद्याची जागा घेऊ न देणे, हाही हुतात्म्याचा गौरवच होय.

मात्र एक प्रश्न उरतोच. स्वयंचलित रायफलीपुढे उभ्या राहिलेल्या या शिपाईगड्याच्या हाती होती केवळ लाठी! त्या लाठीची महती गाताना ती लाठीच का होती, हे विचारण्यास आपण संकोचतो. शौर्य हे वीराचे भूषण असते. व्यवस्थेच्या उणिवांवर घालण्याचे पांघरूण नव्हे.

१९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे धारातीर्थी पडलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलिस स्मृतिदिन पाळला जातो. त्या दिवशी मानवंदना अवश्य द्यावी. पण उरलेल्या दिवशी नाक्यावरच्या हवालदाराला योग्य शस्त्र, संरक्षक जाकीट, नेमबाजीचा नियमित सराव, वेळेवर विश्रांती आणि राहण्याजोगे घर मिळते की नाही, हेही शासनाने पाहावे. आणि आपण सुशिक्षित नागरिकांनी त्याच्याशी दोन शब्द आदराने बोलावे. हुतात्म्यास हार घालणे सोपे असते. जिवंत शिपायाची कदर करणे हेच खरे कर्तव्य होय.