स्वस्तातली मर्सिडीज

"नव्या छोट्या गाडीच्या किमतीत जर्मन लक्झरी घरी न्या!" असली वाक्यं हल्ली जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या फलकांवर आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत सर्रास दिसतात. चकचकीत काळी गाडी, तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा असलेला गॉगलवाला तरुण, आणि खाली आकडा: सव्वासहा लाख. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे वाक्य कुठे लंगडतंय ते चटकन दिसतं. ह्या वाक्यातला 'किंमत' हा शब्द नुसता लंगडा नाही, लबाड आहे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला गाड्यांतलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी माझं सांगतो.

माझ्याकडे १९९५ सालची मर्सिडीज ई २२० आहे. मर्सिडीजने १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भागीदारी केली आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्याच आवारात ही गाडी जुळवायला सुरुवात केली. (चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९ चा.) गंमत म्हणजे हे मॉडेल युरोपात १९८४ च्या अखेरीस आलं होतं, आणि आपल्याकडे ते सुरू झालं त्याच वर्षी तिकडे त्याचा वारसदार बाजारात आला. म्हणजे आमची ही बाई भारतात आली तीच निवृत्तीच्या वयात. पुढच्या काचेला एकच वायपर आहे. तो जाता जाता लांब होतो, आखडतो, पुन्हा लांब होतो आणि काचेचे कोपरेही पुसतो. पहिल्या पावसात मी नुसता तो वायपर बघत बसलो होतो.

२०१० साली निवृत्त झालो आणि २०११ मध्ये सांगलीच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. दोन लाख चाळीस हजारांना. कोल्हापुरात बातमी पसरायला दोन दिवस लागले. "सरांनी मर्सिडीज घेतली!" कुणी म्हणालं फंडाचे पैसे उडवले, कुणी म्हणालं शिकवण्यांत बरंच मिळवलेलं दिसतंय. शिकवण्या मी आयुष्यात घेतल्या नाहीत. मग मी प्रत्येकाला खुलासा द्यायला लागलो. अहो, अडीच लाखांच्या आतली गाडी आहे, तुमच्या मारुतीपेक्षा स्वस्त! समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मला त्याची चटक लागली. लग्नात, सत्कारात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, सगळीकडे मी हे वाक्य टाकायचो.

म्हणजे वर ज्या गॉगलवाल्या तरुणावर मी तोंडसुख घेतलं, त्याचंच काम मी बारा-तेरा वर्षं फुकटात करत होतो. हे मला कळलं गेल्या महिन्यात.

माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जवळच्या तालुक्याच्या गावी त्याचे क्लासेस आहेत. आल्या आल्या म्हणाला, "सर, गाडी बसलीय." मला वाटलं, बंद पडली असेल. तर गाडी खरोखरच बसली होती. मागची डावी बाजू चाकावर टेकलेली, म्हशीनं एक पाय दुमडून बसावं तशी. २०१३ सालची, जर्मन, डिझेल, एअर सस्पेन्शनची. नवी असताना चाळीस लाखांच्या घरातली. ह्यानं २०२४ मध्ये ती सव्वासहा लाखांना घेतली. एक विमा पॉलिसी मोडली आणि उरलेल्या पैशांसाठी बायकोचे दागिने बँकेत ठेवले.

एअर सस्पेन्शन म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेनं फुगवलेल्या रबरी पिशव्या. त्यांना हवा पुरवायला एक छोटा कॉम्प्रेसर असतो. दहा-बारा वर्षांत रबराला चिरा जातात, हवा झिरपते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो. माणूस दुर्लक्ष करतो, कारण गाडी अजून उभी राहत असते. मग कॉम्प्रेसरही जळतो. ह्याचं तसंच झालं होतं. शिवाय गिअरबॉक्स झटके देत होता. गॅरेजनं दिलेला अंदाज तीन लाख ऐंशी हजारांचा. कागद माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "सर, सहाच्या गाडीला चारचं काम कसं निघेल? हे फसवतायत ना?"

मी कागद वाचला. फसवत नव्हते.

सगळा घोळ इथे आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांच्या गाडीचा हेडलाइट गाडी सहा लाखांची झाली म्हणून स्वस्त होत नाही. तो चाळीस लाखांच्याच गाडीचा राहतो, किंबहुना दरवर्षी महाग होतो. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी चार आण्याला मिळते तीच मुळी मसाला बारा आण्याचा आहे म्हणून. पहिला मालक ती गाडी का विकतो? त्याला आकडेमोड येते म्हणून. टायर गुळगुळीत झालेत, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललेलं नाही, सस्पेन्शन हवा सोडतंय. हे बिल दाराशी आलं की तो गाडी काढतो. विकणारा दलाल गाडीबरोबर हे बिलही विकतो, फक्त ते फलकावर लिहीत नाही. आणि वरून पॉलिश करतो!

विम्याचीही तीच तऱ्हा. गाडी पाच वर्षांहून जुनी झाली की तिची विम्याची किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. समजा ती पाच लाख ठरली. दुरुस्तीचा खर्च ह्या रकमेच्या पाऊणपटीच्या वर गेला, की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. आता चाळीस लाखांच्या गाडीचे दोन दिवे, बंपर, बॉनेट, रेडिएटर आणि दोन एअरबॅगा मोजा. एका म्हशीला धडक बसली की गाडी कागदोपत्री मेली. आणि मेलेल्या गाड्या लिलावातून पुन्हा बाजारात येतात, हा आणखी वेगळा विषय. आमच्याकडे २०१९ आणि २०२१ चे महापूर झाले. पाण्यात बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं, ह्याचा विचार स्वस्त गाडी घेताना कोण करतो? सीटखालचा गालिचा उचलून बघायला पैसे पडत नाहीत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर मागे फिरवणारा माणूस टायर बदलायला पुष्कळदा विसरतो. एवढं तरी वाचावं.

विद्यार्थ्याची गाडी दिल्लीची. हे मी विचारलं नाही, नंबरावरूनच दिसलं. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या दिल्ली परिसरात चालवायच्या नाहीत, हे हरित लवादानं २०१५ मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उचलून धरलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं मालकांवर सक्तीची कारवाई करू नका म्हटलं, डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. नियमाच्या बाजूनं किंवा विरुद्ध मी बोलत नाही. पण मधल्या वर्षांत झालं काय, तर ह्या गाड्या पडत्या भावात विकल्या गेल्या आणि ना हरकत प्रमाणपत्र घेऊन बाहेर निघाल्या. दिल्लीची हवा शुद्ध व्हावी म्हणून हाकललेली गाडी आमच्या रंकाळ्यावर धूर सोडते. ह्याला धोरण म्हणायचं असेल तर म्हणा. दलालानं विद्यार्थ्याला सांगितलं होतं, "पासिंगचं आम्ही बघतो." बघितलं कुणीच नाही. परराज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली तर इथे नोंदवावी लागते, इथला कर भरावा लागतो, हे त्याला माझ्याकडून कळलं. बी.एस्सी. झालेला मुलगा आहे. असो.

दुसऱ्या बाजूची मंडळीही मला पटत नाहीत. आमच्या शेजारी एक बँकेतले निवृत्त अधिकारी आहेत. त्यांचं एकच पालुपद, "काढा हो ती भंगारात." दर सहा वर्षांनी हप्त्यावर नवी गाडी घेणं म्हणजे शहाणपण, आणि असलेली जपणं म्हणजे चिकटपणा, असा त्यांचा हिशेब. सरकारचाही तोच कल दिसतो. २०२० साली मी नोंदणीचं नूतनीकरण केलं तेव्हा शुल्क सहाशे रुपये होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते दहा हजार झालं, आणि माझी मुदत नेमकी ऑक्टोबरात संपली. आरटीओत गाडी तपासली, ब्रेक चोख, धूर मर्यादेत. तरी दंड झाल्यासारखे दहा हजार भरले, का, तर जन्मसाल १९९५. मलाही अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलं ते जन्मसाल बघूनच, वर्गात येऊन कुणी बघितलं नव्हतं. पण तो राग इथे नको.

जुनी चांगली गाडी जरूर ठेवावी. पण ती ठेवणं स्वस्त नाही, हे बोलावं. माझी गाडी चालते ह्याचं कारण ती साधी आहे आणि मी कोल्हापुरात राहतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर पितळी बुश तासून देणारी माणसं अजून आहेत. आमचे मिस्त्री गाडीखाली जाऊन कान लावतात आणि सांगतात, "सर, शाफ्टचं रबर गेलंय बघा." विद्यार्थ्याच्या गाडीखाली जाऊन कान लावून उपयोग नाही. तिचा नवा भाग बसवला तरी पुष्कळदा संगणक लावून गाडीला तो आपला म्हणून ओळखायला लावावं लागतं. तो संगणक मिस्त्रींकडे नाही. दोन्ही गाड्या जर्मन, दोन्ही जुन्या, पण हे फरक न सांगता मी मेळाव्यात "तुमच्या मारुतीपेक्षा स्वस्त" असं ठोकून दिलं. तो मेळाव्याला होता. "सर, तुमची बघूनच घेतली," तो म्हणाला. आरोप म्हणून नव्हे. उलट माझ्याविषयी आदरच होता त्याच्या बोलण्यात. त्यामुळे जास्त लागलं.

माझी एक वही आहे. शिक्षकाची सवय, गाडीवरचा प्रत्येक खर्च तारखेसह लिहिलेला. तो आल्या दिवशी रात्री मी पहिल्यांदा सगळी बेरीज केली. पेट्रोल आणि विमा सोडून सहा लाख त्रेचाळीस हजार. २०१७ चं पान सगळ्यात जड आहे. एसीचा कूलिंग कॉइल गळायला लागला होता. बावीस वर्षांत गळणारच, त्यात कंपनीचा दोष नाही, पण ह्या गाडीत तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काम निघालं म्हणून इतर चार गोष्टी केल्या. त्या वर्षी आम्ही दोघं अंदमानला जाणार होतो. हिनं शाळेत नकाशावर ती बेटं शिकवली होती, एकदा बघायची होती. गेलो नाही. पुढे हिचे गुडघे गेले आणि तो विषय संपला. कोल्हापूरच्या हवेत एसीवाचून माझं काय अडलं होतं, हा प्रश्न हिनं मला कधी विचारला नाही. वहीचं पहिलं पान, दोन लाख चाळीस हजारांचं, मी गावभर वाचून दाखवलं. पुढची पानं हिलाही दाखवली नाहीत.

पुढच्या रविवारी विद्यार्थी परत आला. चेहरा उजळला होता. गडहिंग्लजकडचं एक गिऱ्हाईक मिळालं होतं, पंचविशीतला मुलगा, पाच लाखांना तयार. मागच्या बाजूला तात्पुरती पिशवी बसवली, हवा भरली, की दोन-तीन महिने निघतील, असं कुणीतरी ह्याला सांगितलं होतं. "सर, तुम्ही फक्त एक फोन करा. मर्सिडीजवाल्या सरांनी गाडी बघितलीय म्हटलं की तो मागेपुढे बघणार नाही."

दागिन्यांचं व्याज चालू आहे. त्याची मुलगी दहावीला आहे. हे सगळं मला माहीत आहे. मी म्हटलं, गॅरेजचा तो तीन ऐंशीचा कागद त्या मुलाला दाखव, मग फोन करतो. तो म्हणाला, "कागद दाखवला तर कोण घेईल, सर?" मी काही बोललो नाही. मग तो जरा चिडून म्हणाला, "तुम्ही मेळाव्यात सांगितलं तेव्हा असला कागद दाखवला नव्हता."

खरं होतं. मी उठलो, कपाटातून वही काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं दोन-चार पानं उलटली, २०१७ वर थोडा थांबला, आणि वही पिशवीत घालून चहा न घेताच गेला.

त्याला आता तीन आठवडे झाले. गाडी विकली की नाही, कळलेलं नाही. वहीही परत आलेली नाही.